पाटी कोणाची? टॅबलेटवर मुक्त डेस्कटॉप बसवण्याच्या खटपटीचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल की आता पेनड्राइव्ह निघणार, पडद्यावर एकेक पायरी दाखवली जाणार. तसं आज करायचं नाहीये. कृती सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. मला बोलायचंय ते त्या कृतीमागच्या इतिहासावर. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवायला आज साधारण अर्धा तास पुरतो. मग त्याच कंपनीच्या, त्याच किमतीच्या टॅबलेटवर तेच करायला गेलं तर दोन-दोन आठवडे का जातात? आणि इतका त्रास असूनही माणसं गेली पंचवीस वर्षं हा उद्योग का करत आहेत?

आपल्याकडे पाटी म्हटलं की एक गोष्ट गृहीत असते. ती पुसता येते. कालचं गणित पुसायचं, आजचं मांडायचं. टॅबलेट म्हणजे पाटीच. फरक एवढाच की ही पाटी पुसायची परवानगी कोणाकडे आहे हे विकत घेताना कोणी सांगत नाही. आजची सगळी गोष्ट या परवानगीची आहे.

पीसी पुसता का येतो?

आधी थोडं मागे जाऊ. १९८१ साली आयबीएमनं पर्सनल कॉम्प्युटर आणला. घाईत आणला, त्यामुळे बाजारात मिळणारे सुटे भाग वापरले आणि यंत्राची तांत्रिक माहितीही पुस्तकरूपानं छापली. बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालणारा छोटा प्रोग्राम, तेवढा आयबीएमच्या मालकीचा होता. पण कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याच्यासारखाच वागणारा बायोस नव्यानं लिहिला आणि पीसीची नक्कल करणाऱ्यांची रांग लागली. परिणाम असा झाला की कोणत्याही कंपनीचा पीसी घ्या, तो एकाच रीतीनं सुरू होतो. पुढे तर आतले भाग स्वतःची ओळख स्वतः सांगू लागले. मी अमुक कंपनीचं नेटवर्क कार्ड, माझा क्रमांक तमुक.

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपल्या ३८६ पीसीसाठी लिनक्सचं कर्नल लिहायला घेतलं, ते या पायावर. ग्नू प्रकल्पाची साधनं १९८४ पासून तयार होत होतीच. १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे डेस्कटॉप प्रकल्प सुरू झाले. म्हणजे नव्वदचं दशक संपता संपता सामान्य माणसाला वापरता येईल असा मुक्त डेस्कटॉप उभा राहिला. हे लिहिणाऱ्यांची कमाई मोठी आहे, यात शंका नाही. पण त्यांना एक गोष्ट आयती मिळाली होती, ती म्हणजे पुसता येणारं यंत्र. ती आयती होती हे टॅबलेट येईपर्यंत फारसं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

एकच चिप, दोन वाटा

टॅबलेटची कल्पना मात्र पीसीपेक्षा जुनी. ॲलन के यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात असताना १९७२ साली ‘डायनाबुक’वर एक निबंध लिहिला. मुलांनी काखोटीला मारून न्यावं असं वहीएवढं यंत्र. त्यात मुलं नुसतं वाचणार नव्हती, स्वतः प्रोग्रामही लिहिणार होती. हा मुद्दा लक्षात ठेवा.

लिनक्स हातातल्या यंत्रावर आलं ते साधारण २००० च्या सुमारास. कॉम्पॅकनं आयपॅक नावाचं खिशातलं यंत्र काढलं. हा आयपॅक, ॲपलचा आयपॅड नव्हे. त्यावर मायक्रोसॉफ्टची प्रणाली होती. पण कॉम्पॅकच्याच केंब्रिज इथल्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्यावर लिनक्स चालवलं आणि सगळं खुलं करून टाकलं. त्याभोवती हौशी मंडळी जमली. यंत्र पुसायचं तर आतला बूटलोडरच बदलावा लागे. ते करताना वीज गेली किंवा केबल निसटली की संपलं. इंग्रजीत अशा यंत्राला वीटच म्हणतात. उशाला घ्यायच्याही कामाची नाही!

याच सुमारास बंगळुरूमध्ये सिम्प्युटर घडत होता. भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू आणि त्यांचे सहकारी, आणि एन्कोर सॉफ्टवेअरची मंडळी यांनी मिळून ट्रस्ट केला आणि एप्रिल २००१ मध्ये नमुना लोकांसमोर ठेवला. आत लिनक्स, वर स्टायलसनं चालणारा ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा, आणि २०६ मेगाहर्ट्‌झची स्ट्राँगआर्म चिप. आयपॅकमध्येही हीच चिप होती. सिम्प्युटरमध्ये स्मार्टकार्डाची सोय होती. गावात यंत्र एकच असलं तरी प्रत्येकानं आपलं कार्ड घालायचं आणि आपलं काम करायचं. शिवाय मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवायची सोय.

आता गंमत बघा. आयपॅक बंद होता, तो लोकांनी उघडला. सिम्प्युटर जन्मतःच उघडा. त्याचा आराखडासुद्धा जीपीएलच्या धर्तीवरच्या परवान्याखाली दिलेला होता. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीनं ‘अमिदा सिम्प्युटर’ बाजारात आला, पण खप अपेक्षेच्या जवळपासही गेला नाही. यंत्र उघडं असणं आणि यंत्र लोकांच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची सगळी कथा या दोघांची गाठ घालण्याची आहे.

नोकियाचा प्रयोग

२००५ मध्ये नोकियानं ७७० नावाचा ‘इंटरनेट टॅबलेट’ काढला. ८०० बाय ४८० चा पडदा, ६४ एमबी मेमरी. त्यावरची माएमो प्रणाली डेबियनवर उभी होती आणि ग्नोमचेच भाग वापरत होती. एका बड्या कंपनीनं मुक्त डेस्कटॉपचे भाग घेऊन टॅबलेट विकायला काढला होता, आणि सुधारणांचा बराचसा वाटा मूळ प्रकल्पांना परत केला होता.

पण सगळं मुक्त नव्हतं. बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम, तो कधी चार्ज करायची, कधी थांबायचं हे ठरवणारा, बंदिस्त होता. म्हणजे तुम्ही हौसेनं दुसरी प्रणाली बसवलीत तर यंत्र चार्ज कसं करायचं हाच प्रश्न. बाकी शंभर गोष्टी उघड्या असून उपयोग काय? हौशी लोकांना पुढे हा भाग उलटा शोधून काढून नव्यानं लिहावा लागला. पुढे २०१० मध्ये नोकिया आणि इंटेलनं मिळून मीगो प्रणालीची घोषणा केली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये नोकिया मायक्रोसॉफ्टकडे वळली. वर्षभरात खेळ आटोपला.

बोट आणि बाण

एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीला आला आणि डेस्कटॉप बनवणाऱ्या सगळ्यांचीच झोप उडाली. का? कारण डेस्कटॉपचा प्रत्येक कोपरा माउससाठी बनवलेला होता. माउसचा बाण एका ठिपक्यावर नेम धरतो. बोटाखाली ठिपक्यांचा अख्खा मोहल्ला येतो. बाण एखाद्या चित्रावर नुसता नेऊन थांबवता येतो. बोटाला तसं थांबणं नाही, लागलं म्हणजे लागलंच. उजवं बटण नाही. आणि बोटं दहा आहेत, बाण एक.

लिनक्सवर खिडक्या काढायचं काम करणारी एक्स विंडो प्रणाली १९८४ साली एमआयटीत जन्मली. एका वेळी एकच बाण, हे तिच्या हाडात होतं. कर्नलमध्ये अनेक बोटांची नोंद घेण्याची रीत २००९ मध्ये आली. एक्सला ती कळायला मार्च २०१२ उजाडला. तोपर्यंत स्पर्श म्हणजे ‘माउसनं क्लिक केलं असं समज’ एवढंच. दोन बोटांनी चित्र मोठं करणं वगैरे विसरा. एक्सच्या जागी नवी व्यवस्था हवी म्हणून क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड सुरू केलं होतं, पण ते रोजच्या वापरात यायला बराच काळ लागला. फेडोरानं ते २०१६ च्या अखेरीस आपल्या मुख्य आवृत्तीत लावलं.

दरम्यान डेस्कटॉपचं रूपही बदललं. उबुंटूनं युनिटी आणलं, ग्नोमनं एप्रिल २०११ मध्ये तिसरी आवृत्ती काढली. मोठी बटणं, पडदाभर पसरणारी प्रोग्रामांची यादी. स्पर्शाचा विचार दोन्हींमागे होता. जुने वापरकर्ते भडकले. खुद्द टोरवाल्ड्सनी ग्नोम सोडून एक्सएफसीई वापरायला घेतलं. जुन्या ग्नोमची वेगळी चूल ‘माटे’ या नावानं मांडली गेली.

लोक म्हणत होते, टॅबलेटसाठी आमचा डेस्कटॉप मोडलात, पण टॅबलेट आहे कुठे? आणि त्यांचं चुकत नव्हतं. बोटाला चालेल असा मुक्त डेस्कटॉप तयार होत होता, आणि तो बसवायला पुसता येणारी पाटीच बाजारात नव्हती. बहुतेक टॅबलेट आर्म चिपचे. तिथे पीसीसारखी एकसारखी सुरुवात नाही, भाग आपली ओळख सांगत नाहीत. कर्नलला प्रत्येक मॉडेलचा नकाशा वेगळा द्यावा लागतो, आणि तो नकाशा कंपनीकडे.

आकाश: कार्डावरचं लिनक्स

इथे आपल्या जवळचं एक उदाहरण येतं. ‘आकाश’ टॅबलेट आठवतोय ना? ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत मोठा गाजावाजा करून आला. चिप ३६६ मेगाहर्ट्‌झची, मेमरी २५६ एमबी, आणि पडदा दाबल्याशिवाय ऐकायचा नाही. टीका व्हायची ती झाली. पुढे काम आयआयटी मुंबईकडे आलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ चं प्रकाशन झालं. चिप १ गिगाहर्ट्‌झची, मेमरी ५१२ एमबी, पडदा सात इंची. प्रणाली अर्थातच अँड्रॉइड.

पण पवईच्या मंडळींना विद्यार्थ्यांनी नुसते धडे बघावेत एवढंच नको होतं. त्यांनी प्रोग्राम लिहावेत, सायलॅब, पायथन चालवावं. ॲलन केंच्या निबंधात मुलं जे करणार होती तेच. त्यांनी एक तर अँड्रॉइडच्या आतच सी, पायथन, सायलॅब चालवण्याची सोय केली, आणि दुसरं म्हणजे आकाशवर चक्क ग्नू-लिनक्सचा डेस्कटॉप आणला. मायक्रो-एसडी कार्डावर प्रणाली लिहायची, कार्ड घालायचं, टॅबलेट चालू करायचा. लिनक्स! कार्ड काढलं की पुन्हा अँड्रॉइड.

हे इतक्या सहज कसं जमलं? आकाश-२ मध्ये ऑलविनर ए-१३ ही चिप होती. ही चिप चालू झाली की आधी एसडी कार्डात डोकावते, तिथे काही नसेल तरच आतल्या साठवणीकडे वळते. कारखान्याच्या सोयीसाठी ठेवलेलं हे दार असावं, पण त्याला कुलूप नव्हतं. त्यामुळे जगभरातल्या हौशी मंडळींनी ऑलविनरच्या स्वस्त टॅबलेटांवर प्रयोग केले. आकाशबद्दल खरेदी, किंमत, वाटप यांवरून खूप लिहिलं गेलं. त्या विद्यार्थ्याच्या हातातली पाटी पुसता येत होती, ही गोष्ट मात्र फार थोड्यांनी लिहिली.

कुलूप आणि किल्ली

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं. त्यासोबत सिक्युअर बूट. यंत्र सुरू होताना प्रणालीवर ओळखीची डिजिटल सही आहे का ते तपासायचं, नसेल तर सुरू करायचं नाही. हेतू वाईट नव्हता, बूटच्या वेळी घुसणारे व्हायरस थांबवायचे होते. पण सही कोणाची ओळखायची? व्यवहारात मायक्रोसॉफ्टची.

नियम असा होता: इंटेल जातीच्या यंत्रावर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे. आर्म जातीच्या यंत्रावर ते बंद करता येता कामा नये. एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या नियमपुस्तकात, दोन पाट्यांना दोन न्याय. सरफेस आरटी नावाचा टॅबलेट त्यामुळे कुलूपबंद राहिला. इंटेल यंत्रांसाठी मॅथ्यू गॅरेट यांनी २०१२ च्या अखेरीस ‘शिम’ नावाचा छोटा, सही केलेला प्रोग्राम दिला. तो आधी सुरू होतो आणि मग लिनक्सला आत घेतो. आजही अनेक लिनक्स प्रणाली याच वाटेनं सुरू होतात.

आणि २०१३ नंतर बाजारात इंटेलच्या बे ट्रेल चिपचे स्वस्त विंडोज टॅबलेट आले. एसूसचा टी-१०० आठवत असेल, दहा इंची, कीबोर्ड सुटा होणारा. मग आठ-आठ इंची चिनी टॅबलेटांची लाट. आता यंत्र पीसीचं, नियम पीसीचा, डेस्कटॉप बोटाला सरावलेला. पेनड्राइव्ह घ्या, बसवा. असं वाटलं होतं.

बसवताना काय काय अडतं

आता आपण त्या टेबलापाशी जाऊ, जिथे कोणी तरी हा टॅबलेट पुढ्यात घेऊन बसलंय.

पहिली अडचण भोकाची. टॅबलेटला एकच छोटं यूएसबी. तिथेच चार्जर, तिथेच पेनड्राइव्ह. शिवाय टच चालेपर्यंत कीबोर्ड-माउसही लागणार. म्हणून ओटीजी केबल आणि हब, आणि बॅटरी आधी पूर्ण भरून ठेवायची.

दुसरी अडचण विचित्र. चिप ६४ बिटची, पण यंत्र सुरू करणारं यूईएफआय फर्मवेअर ३२ बिटचं. पेनड्राइव्हवरची ६४ बिट प्रणाली त्याला दिसतच नाही. दरवाजा बुटका आणि पाहुणा उंच. लिनक्स कर्नलनं जून २०१४ च्या ३.१५ आवृत्तीत या जोडगोळीला सांभाळून घ्यायची सोय केली, तरी बऱ्याच प्रणालींच्या पेनड्राइव्हवर ३२ बिटची बूट फाइल नसे. ती आपण हातानं टाकायची.

तिसरी, वायफाय. ड्रायव्हर असतो, पण वायफाय चिपला त्या मॉडेलची जुळवणीची फाइल लागते. एसूससारख्या काही यंत्रांत ती यूईएफआयच्याच पोटात सापडते. तिथून काढून योग्य नावानं योग्य फोल्डरमध्ये ठेवली की वायफाय लागतं.

चौथी, पडदा आडवा. छोट्या टॅबलेटांत मुळात उभे पडदे बसवलेले असतात, म्हणून अक्षरं कुशीवर झोपलेली दिसतात. त्यात हालचाल ओळखणारा सेन्सर कारखान्यात कोणत्या बाजूनं चिकटवलाय हे कर्नलला ठाऊक नाही. टॅबलेट डावीकडे वळवला की चित्र उजवीकडे.

पाचवी, यंत्र मध्येच गोठणं. बे ट्रेल चिप गाढ झोपेत जाते आणि उठतच नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षं चालली. तोडगा म्हणून बूटच्या वेळी तिला गाढ झोपू नकोस असं सांगायचं. मग यंत्र चालतं, बॅटरी लवकर संपते.

आणि सहावी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती टचस्क्रीन. अनेक स्वस्त टॅबलेटांत सिलीड नावाची टच चिप असते. या चिपला स्वतःची स्मरणशक्ती नाही. यंत्र दर वेळी चालू झालं की तिला फर्मवेअर भरवावं लागतं, जसं रोज सकाळी नव्यानं नाव सांगावं तसं. आणि प्रत्येक मॉडेलची काच वेगळी, म्हणून फर्मवेअरही वेगळं. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये ते दडलेलं असतं. विंडोज पुसलंत की तेही गेलं! म्हणून जाणते लोक सांगतात, पुसण्याआधी मूळ ड्रायव्हरची प्रत काढून ठेवा.

यादी

मग हे सुटलं कसं? माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे.

त्या काळात रेड हॅटमध्ये असलेले हान्स डी गुडे यांनी या टॅबलेटांच्या मागे लागून कर्नलमध्ये एकामागून एक दुरुस्त्या केल्या. सिलीडचा ड्रायव्हर २०१६ मध्ये कर्नलमध्ये आला. आणि त्यासोबत कर्नलमध्ये एक यादी वाढत गेली. या मॉडेलचा टच इतका रुंद, इतका उंच, याचे अक्ष उलटे, याला या नावाचं फर्मवेअर. चुवी, टेक्लास्ट, ओंडा, ट्रेकस्टोर... एकेक मॉडेल. पडदा आडवा कोणाचा याची दुसरी यादी. सेन्सर कसा चिकटवलाय याची तिसरी, ती सिस्टमडी प्रकल्पात.

या याद्या भरल्या कोणी? ज्याच्या हातात ते यंत्र आहे त्यानं. कोणी तरी आपला टॅबलेट उलटा-सुलटा करून आकडे मोजले आणि चार ओळी पाठवल्या. त्यानंतर तोच टॅबलेट असलेल्या जगातल्या प्रत्येकाचा पडदा आपोआप सरळ झाला, त्याला ही अडचण होती हे कळलंही नाही.

फर्मवेअरचा प्रश्न मात्र नुसत्या मेहनतीचा नव्हता. ते कंपनीच्या मालकीचं, वाटायचा परवाना नाही. तेव्हा युक्ती निघाली: काही टॅबलेटांच्या यूईएफआयमध्येच ते फर्मवेअर असतं, कारण सुरुवातीच्या पडद्यावरही टच चालावा लागतो. मग वाटायचं कशाला? २०२० मध्ये कर्नलला अशी सोय मिळाली की ते यंत्राच्याच पोटात शोधायचं, ठशावरून खात्री करायची आणि तिथूनच वापरायचं. कोणाची चोरी नाही, कोणाचं उपकार नाहीत. यंत्र तुमचं, त्यातली वस्तूही तुमचीच.

तयार पाटी विकणारे

आता तुमच्यापैकी कोणी विचारेल, एवढं करण्यापेक्षा मुक्त डेस्कटॉपचाच टॅबलेट कोणी का विकत नाही? प्रयत्न झाले की. २०१२ मध्ये केडीईच्या ॲरन सायगो यांनी एक टॅबलेट जाहीर केला, पुढे त्याचं नाव व्हिवाल्डी ठेवलं. चिनी कारखान्यातून तयार यंत्र घेऊन त्यावर प्लाझ्मा बसवायचा बेत होता. कारखान्यानं न सांगता आतले भाग बदलले, कर्नलचा स्रोत मिळेना, आणि व्हिवाल्डी विक्रीला न येताच संपला. २०१६ मध्ये स्पेनच्या बीक्यू कंपनीनं उबुंटूचा एम-१० टॅबलेट विकला. मॉनिटर जोडला की त्याचा डेस्कटॉप व्हायचा. पण आतले ड्रायव्हर अँड्रॉइडकडून उसने घेतलेले. एप्रिल २०१७ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी तो सगळा प्रकल्पच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याची धुरा यूबीपोर्ट्‌स या हौशी गटानं उचलली आणि अजून वाहिली आहे. २०२३ चा पाइनटॅब-२ तर विकला गेला तेव्हा त्याच्या वायफायचा ड्रायव्हरच तयार नव्हता.

या तिघांत समान काय? डेस्कटॉप तयार होता. आतल्या चिपची माहिती दुसऱ्याच्या हातात होती.

काचेवरचं मराठी

एक मुद्दा आपल्या भाषेचा. लॅपटॉपच्या कीबोर्डावर देवनागरी छापलेली नसते. इनस्क्रिप्ट शिकायचं तर स्टिकर चिकटवा नाही तर पाठ करा, म्हणून कित्येकांनी शिकणंच टाळलं. टॅबलेटवर कीबोर्डच चित्राचा. तिथे ‘क’ च्या जागी ‘क’ च दिसतो. म्हणजे स्पर्शाचा पडदा देवनागरीला खरं तर वरदान.

लिनक्सवर ऑनबोर्ड नावाचा पडद्यावरचा कीबोर्ड आहे. तो प्रणालीत निवडलेली मांडणीच बटणांवर दाखवतो, त्यामुळे इनस्क्रिप्ट लावलं की मराठी अक्षरं समोर. अक्षरांचं म्हणाल तर रेड हॅटनं २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट होतेच. पण वेलँडमध्ये सुरक्षेसाठी एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत अक्षरं टाकता येत नाहीत, म्हणून पडद्यावरचा कीबोर्ड आता डेस्कटॉपनंच पुरवायचा असतो. तेव्हा टॅबलेटवर कोणताही डेस्कटॉप निवडाल तर आधी बघा, त्याच्या कीबोर्डात मराठी मांडणी आहे का. नसेल तर ती फाइल लिहून देता येते. बंद प्रणालीत विनंती करावी लागते, इथे भर घालता येते. मात्र कोणी तरी घातली पाहिजे. इतरांच्या याद्या इतरांनी भरल्या, आपली आपणच भरायची.

आज हे का महत्त्वाचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि नव्या पिढीची चिप लागते. मी सांगितले ते बहुतेक टॅबलेट २ जीबी आणि ३२ जीबीचे. म्हणजे काच शाबूत, चिप शाबूत, आणि यंत्र भंगारात. आर्म जातीच्या कुलूपबंद यंत्रांची अवस्था तर त्याहून वाईट. त्यांना मालक असून मालकी नाही.

खोटी आशा दाखवायची नाही. अशा जुन्या टॅबलेटवर लिनक्स बसवलंत तरी २ जीबीत ब्राउझर कण्हत चालेल, कॅमेरा बहुधा चालणार नाही, झोपवलेल्या यंत्राची बॅटरी विंडोजपेक्षा लवकर उतरेल. पण वाचन, लेखन, हिशेब, मुलाला प्रोग्रामिंग शिकवणं यासाठी ते अजून काही वर्षं कामाचं राहील. सुरुवात पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघण्यानं करा. टच, वायफाय, आवाज, फिरणारा पडदा हे चार तपासा. आतलं पुसायचा निर्णय त्यानंतर.

अँड्रॉइड टॅबलेटचं काय, हा पुढचा प्रश्न. तिथे पहिली अट अशी की कंपनीनं बूटलोडर उघडू दिलं पाहिजे. दिलं असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएससारख्या प्रकल्पाच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते पाहा. नसेल तर ती पाटी दुसऱ्याची आहे, भाडं मात्र आपण एकरकमी भरलंय.

म्हणून शेवटी एवढंच सांगेन. शाळेसाठी, वाचनालयासाठी, घरासाठी टॅबलेट घ्याल तेव्हा मेमरी आणि कॅमेऱ्यासोबत दुकानदाराला आणखी एक गोष्ट विचारा: याच्यावर मला दुसरी प्रणाली बसवता येते का? त्याला उत्तर माहीत नसेल, हरकत नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो वर विचारेल. आणि ज्यांच्याकडे जुनं यंत्र पडलंय, त्यांनी एखाद्या रविवारी ते बाहेर काढा. चाललं तर उत्तम. नाही चाललं तर काय अडलं ते मॉडेलच्या नावासकट नोंदवून संबंधित प्रकल्पाकडे पाठवा. त्या यादीत एक ओळ वाढेल.